जर्मनीतल्या गावांमधली विचित्र शिल्पं: फोटो काढायच्या आधी गंमत कुठे आहे ते शोधा

दर उन्हाळ्यात तेच होतं. भारतातून कोणाचे तरी आई-बाबा येतात, शनिवार-रविवार ब्रेमेनची ट्रिप होते आणि रात्री ग्रुपवर चाळीस फोटो येऊन पडतात. पांढरंफटक आभाळ, त्यापुढे एक काळा ढिगारा, त्यापुढे रांगेत उभे पाच जण. तो काळा ढिगारा म्हणजे गाढवावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर आणि मांजरावर कोंबडा, ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले ब्रेमेनचे वादक प्राणी, आहे हे फक्त जाऊन आलेल्यांनाच माहीत. मग खाली कोणीतरी विचारतं, "छान! पण हे काय आहे?"

यात कॅमेऱ्याचा दोष नसतो, साध्या फोनवरही मस्त फोटो येतात. गडबड होते ती क्रमात. लोक आधी उभे राहतात, मग क्लिक मारतात आणि ते काय होतं हे घरी येऊन वाचतात (तेही वाचलं तर). हे बरोबर उलट करायचं.

पायरी १: गंमत कोणत्या जातीची आहे ते घरीच ठरवा

राजवाड्याचा किंवा कथीड्रलचा फोटो कसाही काढला तरी तो राजवाडाच दिसतो. या चक्रम गोष्टींचं तसं नसतं, त्यांच्यात एक विनोद असतो आणि तो फोटोत आला नाही तर उरतो नुसता दगड किंवा लोखंड. म्हणून जायच्या आधी प्रत्येक शिल्पाबद्दल दहा मिनिटं वाचा आणि एका ओळीत लिहून ठेवा की यात गंमत नक्की काय आहे. माझ्या हिशोबाने साधारण हे प्रकार पडतात.

आकाराची गंमत: म्युन्स्टरला आझे तलावाच्या काठावर क्लेस ओल्डेनबर्गचे १९७७ चे तीन काँक्रीटचे गोळे आहेत, प्रत्येकाचा व्यास साडेतीन मीटर. कल्पना अशी की अख्खं शहर म्हणजे बिलियर्डचं टेबल. फोटोत शेजारी माणूस किंवा सायकल नसेल तर ते गोळे गोट्यांएवढे दिसतात, संपलं.

कोनाची गंमत: बॉनला बेटहोफनहाले या सभागृहासमोर बीथोव्हनचा काँक्रीटचा चेहरा आहे, क्लाउस कामेरिख्सने १९८६ मध्ये केलेला. जवळ गेलात तर काँक्रीटच्या उभ्या-आडव्या पट्ट्याच दिसतात, चेहरा जमतो तो समोरून आणि लांबून. बहुतेक जण जवळ जाऊन फोटो काढतात आणि मग म्हणतात हे कसलं बीथोव्हन.

हालचालीची गंमत: कॉन्स्टान्त्सच्या बंदरात पेटर लेंकची इम्पेरिया, म्हणजे एका बाईचा पुतळा, उभी आहे, १९९३ पासून. ९ मीटर उंच, १८ टन वजन, आणि साधारण चार मिनिटांत ती स्वतःभोवती एक फेरी मारते. दोन तळहातांवर दोन नागडे बुटके पुरुष, एकाच्या डोक्यावर पोपचा मुकुट, दुसऱ्याच्या बादशहाचा. १४१४ ते १४१८ मध्ये तिथे जी मोठी चर्च परिषद भरली होती तिची ही टिंगल आहे. आता ती फिरते हेच माहीत नसेल तर पाठमोरा फोटो काढून बोट पकडायला पळणार तुम्ही, आणि तसे पळणारे मी दरवेळी बघतो.

स्पर्शाची किंवा आवाजाची गंमत: ब्रेमेनच्या गाढवाचे पुढचे पाय लोकांनी धरून धरून सोन्यासारखे चकचकीत केलेत. तिथेच चौकात जमिनीत एक झाकण आहे, त्याच्या फटीत नाणं टाकलं की खालून एखाद्या प्राण्याचा आवाज येतो. त्याचा फोटो काढून काय मिळणार, तिथे व्हिडिओच पाहिजे.

आणि माझा सगळ्यात आवडता प्रकार, न दिसणारी गंमत. कासलच्या फ्रीडरिक्सप्लात्झवर वॉल्टर डी मारियाने १९७७ मध्ये एक किलोमीटर लांबीचा पितळी दांडा उभाच्या उभा जमिनीत पुरलाय. वर दिसते फक्त दोन बाय दोन मीटरची दगडी फरशी आणि तिच्या मधोमध पाच सेंटीमीटरची पितळी चकती, आपल्या दहाच्या नाण्याच्या जवळपास दुप्पट रुंद. लोक बिनधास्त त्यावरून चालत जातात. मग फोटो त्याचाच काढायचा: कॅमेरा जमिनीला टेकवा, चकती पुढे, आणि मागून बेफिकीर जाणारे बूट.

तपासा: प्रत्येक शिल्पापुढे एक ओळ लिहिली गेली का? ओळ सुचत नसेल तर ते यादीतून काढा, खरंच. दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त ठेवूही नका.

पायरी २: नेमकी जागा आणि ते अजून तिथेच आहे का

नकाशावर गावाचं नाव टाकून निघू नका, शिल्पावरच पिन टाका. कासलचंच घ्या. लांब पल्ल्याची जलद गाडी, आयसीई, थांबते ती कासल-विल्हेल्म्सह्योहला. पण जोनाथन बोरोफ्स्कीचा तो तिरक्या खांबावरून आभाळाकडे चालत जाणारा माणूस, हिमेल्सश्ट्युर्मर, आहे कासल हाउप्टबानहोफसमोर, म्हणजे गावातल्या जुन्या स्टेशनाबाहेर. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मधे ट्राम किंवा लोकल लागते. मुख्य स्टेशन म्हणजे जिथे मोठ्या गाड्या थांबतात असं आपण धरून चालतो आणि अर्धा तास चुकीच्या स्टेशनाबाहेर आभाळाकडे बघत बसतो (विचारू नका मला कसं माहीत).

दुसरं म्हणजे वस्तू जागेवर आहे का ते बघा. शिल्पं दुरुस्तीला जातात, चौक खणले जातात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर बऱ्याच गावांत कारंजी बंद करून थंडीसाठी चक्क लाकडी फळ्यांनी झाकतात. गावाच्या टुरिस्ट ऑफिसला एक ईमेल टाकली तर उत्तर येतं. मागच्या आठवड्यात कोणी टाकलेला फोटो सापडला तर अजूनच बरं.

कासलचं डोकुमेंटा प्रदर्शन दर पाच वर्षांनी आणि म्युन्स्टरचं श्कुल्प्टुअर प्रोयेक्टे दर दहा वर्षांनी भरतं, २०२७ मध्ये दोन्ही एकाच उन्हाळ्यात आहेत. तेव्हा गेलात तर कायमची शिल्पं कोणती आणि फक्त प्रदर्शनापुरती कोणती हे वेगळं लिहून ठेवा, पुढे कायद्याच्या पायरीत याची गरज पडणार आहे.

प्रवासाचं थोडक्यात: डॉइचलांड-टिकेटवर (देशभर चालणारा महिन्याचा पास) रीजनल गाड्या चालतात, आयसीई-आयसी नाही. एकाच ट्रिपसाठी काढत असाल तर ते महिन्याचं सबस्क्रिप्शन असतं, वेळेत कॅन्सल नाही केलं तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

पायरी ३: सूर्य कुठे असेल, बाजार कधी असेल

इथे आपली भारतातली सवय नडते. आपल्याकडे दुपारी ऊन डोक्यावर येतं. इथे कासलच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, म्हणजे अरुंद गल्लीत दिवसभर ऊन उतरतच नाही आणि सव्वाचारला सूर्यास्त. उलट जूनमध्ये साडेनऊ-पावणेदहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतरही तासभर निळसर उजेड रेंगाळतो. आपल्यासारखं सूर्य बुडाला की अंधार असं नाही. त्यामुळे उन्हाळ्यात सहाला दमून हॉटेलवर जाणारे सगळ्यात चांगला उजेड झोपेत घालवतात. जेवून परत बाहेर पडा.

मग शिल्पाचं तोंड कुठे आहे ते बघा. ब्रेमेनचे प्राणी राटहाउसच्या (नगरपालिकेच्या इमारतीच्या) पश्चिमेच्या बाजूला भिंतीलगत उभे आहेत, म्हणजे सकाळी ते इमारतीच्या सावलीत. इम्पेरिया गावाच्या पूर्वेला पाण्यात आहे, सकाळी काठावरून काढलीत तर सूर्य थेट लेन्समध्ये. तिला दुपारनंतर गाठा. फोनमध्ये सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही ॲप टाका, फुकट मिळतात.

आणि वार बघा. हॅनोव्हरला लाइबनित्सउफरवर निकी द सँ फाल हिच्या तीन रंगीबेरंगी जाड्या बायका आहेत, नाना म्हणतात त्यांना, १९७४ पासून तिथे आहेत आणि सोफी, शार्लोटं, कारोलीनं अशी त्यांची नावंही आहेत. शनिवारी तिथे नदीकाठी जुना बाजार भरतो. बाजारासकट फोटो हवा असेल तर शनिवार, नुसत्या नाना हव्या असतील तर रविवार सकाळ. एकूणच रविवार सकाळ म्हणजे सोनं: दुकानं बंद, डिलिव्हरीच्या गाड्या नाहीत, चौक रिकामा. नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळपर्यंत मात्र मधल्या चौकातलं काहीही बघायची आशा सोडा, ख्रिसमस मार्केटच्या टपऱ्या पुतळ्याला गळ्यापर्यंत वेढतात.

⚠️ ढगाळ दिवस म्हणून ट्रिप रद्द करू नका. ब्राँझ आणि चकाकणारे रंग ढगाळ उजेडातच चांगले येतात, कडक उन्हात नानांवर नुसते पांढरे चट्टे उठतात. ढगाळ दिवशी फक्त एक करायचं, फ्रेममध्ये आभाळ कमी घ्यायचं.

पायरी ४: कायदा, पाच मिनिटांत

जर्मनीत रस्त्यावरच्या कलेचे फोटो काढायला, आणि ते छापायला-विकायलासुद्धा, मोकळीक आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५९ व्या कलमात ती आहे, पॅनोरामाफ्रायहाइट म्हणतात. पण तिला अटी आहेत आणि लोक नेमक्या अटीच विसरतात.

वस्तू तिथे कायमची असायला हवी. १९९५ मध्ये क्रिस्तो या कलाकाराने बर्लिनचं राइखस्टाग, म्हणजे संसदेची इमारत, कापडात गुंडाळलं होतं, तो प्रकार ठरावीक दिवसांपुरता होता म्हणून त्याच्या पोस्टकार्डांना ही मोकळीक लागू नाही असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. म्हणून वर म्हटलं, प्रदर्शनापुरतं काय ते लिहून ठेवा. फोटो सार्वजनिक रस्त्यावरून काढलेला हवा, समोरच्या कोणाच्या बाल्कनीतून नाही, शिडी लावूनही नाही. इमारत असेल तर फक्त बाहेरची बाजू. ड्रोनचा प्रश्न ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने मिटवला: ड्रोनमधून काढलेले कलाकृतींचे फोटो या मोकळिकीत बसत नाहीत. तेव्हा तो ड्रोन घरीच ठेवा.

घरच्या अल्बमसाठी यातलं काही आड येत नाही. कॅलेंडर छापून विकणार असाल, तर वकिलाला विचारा, मी वकील नाही.

माणसांचं वेगळं. पुतळ्याच्या मागून कोणी चालत गेलं तर चालतं. पण कोणाचा तरी चेहरा हाच फोटोचा विषय झाला तर तो टाकायच्या आधी त्याची परवानगी लागते. कारंज्यात खेळणारी दुसऱ्यांची मुलं फ्रेममध्ये घेऊ नका, आपल्याकडे "किती गोड" म्हणून काढतो तसं इथे अजिबात चालत नाही आणि आई-बाप येऊन डिलीट करायला लावतात.

पायरी ५: पिशवी

फोन, पॉवरबँक (थंडीत बॅटरी धपकन उतरते), लेन्स पुसायला फडकं, पावसाचं जॅकेट, आणि सुटी नाणी, कारण सार्वजनिक टॉयलेटला लागतात आणि ब्रेमेनच्या त्या झाकणालाही. कॅमेरा असेल तर एकच लेन्स न्या. ट्रायपॉड छोटा, आणि तो रात्रीसाठीच.

पायरी ६: जागेवर पोचल्यावर, याच क्रमाने

१. फोन खिशातच. आधी पूर्ण गोल फेरी मारा, जमलं तर दोन. न्युर्नबर्गला चित्रकार ड्यूररच्या घराजवळ युर्गन ग्योर्त्सचा १९८४ चा अवाढव्य ब्राँझचा ससा आहे, ड्यूररच्या १५०२ च्या गोजिरवाण्या सशाच्या चित्राला दिलेला जरा भयानक जबाब, खोकं फोडून बाहेर आल्यासारखा. एका बाजूने तो ससा वाटतो, दुसऱ्या बाजूने काहीतरी भलतंच, आणि खाली छोटी पिल्लं आहेत जी पहिल्या फेरीत दिसतच नाहीत. फेरी न मारता काढलेला फोटो बहुतेक वेळा ज्या रस्त्याने आलात त्या बाजूचा असतो, एवढंच.

२. पाटीचा फोटो. शिल्पकार, वर्ष, नाव. घरी गेल्यावर आठवेल म्हणता, आठवत नाही.

३. लांबून एक. आजूबाजूचा चौक, छप्परं, ट्रामची तार सगळं येऊ दे. यात शिल्प लहान दिसलं तरी चालेल, ते गावात कुठे बसलंय हे यातून कळतं.

४. आता मुख्य फोटो. घरी लिहिलेली ती एक ओळ वाचा आणि फक्त तेवढंच दाखवा. हिमेल्सश्ट्युर्मरमध्ये गंमत आहे तिरकेपणाची आणि वरच्या मोकळ्या जागेची, तेव्हा फोन उभा धरा, खांब एका कोपऱ्यातून सुरू होऊ द्या आणि माणसाच्या पुढे भरपूर आभाळ सोडा. लोक माणसाला झूम करून मधोमध बसवतात, मग तो नुसता चालणारा माणूस होतो. कासललाच कार्ल्सआउए बागेच्या वरच्या कडेला हाउस-रुकर-को या कलाकारांच्या गटाने १९७७ मध्ये उभी केलेली मोठी लोखंडी चौकट आहे, ती स्वतःच सांगते कुठून बघायचं, तिच्यासमोर उभं राहून चौकटीच्या आतलं घ्या आणि चौकटीची कडाही ठेवा. आणि फुल्डा नदीकाठी ओल्डेनबर्गची १२ मीटरची कुदळ जमिनीत रुतलीय. कल्पना अशी की वर डोंगरावरच्या हर्क्युलिसच्या पुतळ्याने ती फेकली. नुसती कुदळ मोठी दिसते, पण नदी फ्रेममध्ये आली की ती येऊन पडल्यासारखी दिसते.

५. मग जवळचे तपशील, दोन-तीन पुरे. चकचकीत पाय, गंज, कोणीतरी चिकटवलेलं स्टिकर.

६. सगळ्यात शेवटी माणसं. हे शेवटी ठेवायचं कारण साधं आहे, एकदा काकू उभ्या राहिल्या की सगळे काकूंना बघायला लागतात आणि शिल्प राहून जातं.

⚠️ मागे सरकताना लाल रंगाची किंवा सायकलचं चित्र असलेली पट्टी बघा. तो सायकल ट्रॅक असतो आणि म्युन्स्टरसारख्या सायकलवेड्या गावात त्यावर उभं राहणं म्हणजे शिव्या खाणं, नशीब वाईट असेल तर धडकसुद्धा.

पायरी ७: माणसं कशी उभी करायची

समोर रांग लावू नका. माणसाला शिल्पाशी काहीतरी करू द्या. हायडेलबर्गच्या जुन्या पुलाच्या टोकाला गेर्नोट रुम्फचं १९७९ चं माकड आहे, हातात आरसा आणि डोकं पोकळ, आपलं डोकं त्यात घालता येतं. आरशाला हात लावला तर पैसा, बोटांना लावला तर पुन्हा हायडेलबर्गला येणं, शेजारच्या उंदरांना लावला तर भरपूर मुलं, अशी समजूत. म्हणजे तीन फोटो तयारच आहेत. फक्त सकाळी आठच्या आत जा, नंतर तिथे रांग असते.

ब्रेमेनला गेरहार्ड मार्क्सच्या १९५३ मध्ये बसवलेल्या त्या गाढवाचे पाय दोन्ही हातांनी धरायचे. एका हाताने धरले तर तिथले लोक म्हणतात, एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हात मिळवतंय. बाबांना हे आधी सांगा, नंतर सांगितलंत तर फोटो तसाच राहतो आणि टोमणे वर्षभर. हा फोटो बाजूने काढा, समोरून काढला तर धरणाऱ्याची पाठ येते.

अंतराचा एक नियम: माणूस शिल्पाला चिकटून उभा आणि तुम्ही लांब, दोन पट झूम. माणूस तुमच्याजवळ आणि शिल्प मागे लांब, असं केलं की साडेतीन मीटरचा गोळाही काकांच्या डोक्याएवढा होतो. अर्धा पट वाइड लेन्स वापरूच नका, कडेचे खांब झुकतात आणि माणसं बसकी दिसतात.

चढण्याबद्दल: जिथे चढायला बांधलंय तिथेच चढा. डुइसबुर्गच्या टेकडीवर टायगर अँड टर्टल नावाचा रोलर कोस्टरसारखा जिना आहे, २०११ चा, त्यावर चालायला मुभा आहे. मात्र जो उलटा गोल वळसा बघून सगळे येतात तो चालण्यासाठी नाही, आणि वादळ किंवा बर्फ असेल तर जिनाच बंद असतो. रात्री कठड्यातले दिवे लागतात, तो फोटो खालून, थोडं लांबून.

⚠️ स्मारकं या यादीत घालू नका. फुटपाथमध्ये बसवलेले छोटे पितळी चौकोन, श्टोल्परश्टाइनं, नाझींनी मारलेल्या किंवा हाकललेल्या लोकांच्या नावांचे आहेत, बर्लिनचे काँक्रीटचे ठोकळे हे होलोकॉस्ट स्मारक आहे. तिथे उड्या मारत काढलेले फोटो बघून लोक खरोखर दुखावतात.

पायरी ८: सेटिंग, जेवढं लागतं तेवढंच

काळं ब्राँझ आणि पांढरं आभाळ असलं की फोन आभाळाला सांभाळतो आणि पुतळ्याचा कोळसा होतो. स्क्रीनवर पुतळ्यावर बोट दाबून धरा, मग उजेडाची पट्टी थोडी वर ओढा. आभाळ पांढरं झालं तरी होऊ द्या. किंवा दोन पावलं सरकून पुतळ्यामागे झाड नाहीतर भिंत आणा, हे जास्त चांगलं.

पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलमधली माणसं हा वेगळाच छंद आहे. नेहमीच्या माणसाच्या जागी फ्रीडबर्गला गायक एल्विसची आकृती असते, ट्रियरला कार्ल मार्क्सची. हे दिवे एलईडीचे असतात, डोळ्याला न दिसता लुकलुकतात, त्यामुळे फास्ट शटरवर अर्धं चित्र किंवा काळे पट्टे येतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा त्याहून हळू ठेवा, उजेड कमी करा म्हणजे आकृती फुटत नाही, आणि सहा-सात फोटो काढा. लाल असताना रस्त्यात उतरून फोटो काढू नका, लाल सिग्नलला चालत ओलांडलं तर ५ युरो दंड आहे आणि शेजारी शाळकरी पोरं असतील तर त्यांच्या आयांची नजर त्याहून महाग पडते.

इम्पेरियासाठी दोन पूर्ण फेऱ्या थांबा. पहिल्या फेरीत नुसतं बघून कोन ठरवा, दुसऱ्या फेरीत काढा.

तपासा, निघायच्या आधी: मुख्य फोटो उघडा आणि तिथे कधीच न गेलेल्या माणसाला (बाजूच्या बाकावर कोणी नसेल तर फोनवर भावाला) पाठवून विचारा काय दिसतंय. "पुतळा" असं उत्तर आलं तर परत जा. "हे गाढव धरून काय चाललंय?" असं आलं तर पुढची ट्राम पकडा.

पायरी ९: त्याच रात्री

चाळीसमधले पस्तीस उडवा. उभ्या रेषा सरळ करा, पण हिमेल्सश्ट्युर्मरचा खांब नाही, ॲपची ऑटो-दुरुस्ती त्यालाही सरळ करायला बघते म्हणून ती बंद ठेवा आणि मागच्या इमारतीवरून हाताने करा. मागच्या गाड्यांच्या नंबर प्लेट टाकायच्या आधी पुसा. मग पाटीच्या फोटोवरून शिल्पकार, नाव, गाव, वर्ष कॅप्शनमध्ये लिहा, फोटो बाहेर कुठे छापणार असाल तर हे नाव देणं कायद्यानेही लागतं. आणि पाटीचा फोटो डिलीट करू नका, पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कोणाचे तरी आई-बाबा येणारच आहेत.